तर्क सोडावा की गृहीत?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणिताचे शिक्षक होते. भूमितीच्या सिद्धतेत प्रत्येक विधानापुढे कारण लिहायचे, कारण नसेल तर गुण नाहीत, ही शिस्त त्यांच्या हाताखालून गेलेल्यांना वेगळी सांगावी लागत नाही. युसूफ वडगावला येऊन बोलायचे तर विषय या शिस्तीशी नाते सांगणारा हवा, असे मी ठरवले. म्हणून आजचा प्रश्न असा: क्वांटम भौतिकीमुळे आपल्याला आपले तर्कशास्त्रच सोडून द्यावे लागते का?

प्रश्न पुस्तकी वाटेल, पण त्याचे एक रूप तुमच्या मोबाइलवर नेहमी येते. 'इलेक्ट्रॉन एकाच वेळी इथे असतो आणि नसतो, मांजर एकाच वेळी जिवंत असते आणि मेलेले असते. बघा, विज्ञानानेच तर्क मोडीत काढला,' असे सांगणारा व्हिडिओ ज्याने पाहिला नाही असा विद्यार्थी या मंडपात विरळाच असेल. त्याच दमात कोणी क्वांटमच्या नावाने लॉकेट विकतो, कोणी उपचार विकतो. हे झाले बाजारी रूप. पण या प्रश्नाला एक अतिशय गंभीर रूपही आहे, आणि ते विसाव्या शतकातल्या पहिल्या प्रतीच्या गणितज्ञांनी आणि तत्त्वज्ञांनी मांडलेले आहे. माझे उत्तर 'नाही, तर्क सोडावा लागत नाही' असे आहे. मात्र पूर्वपक्ष दुबळा मांडून सिद्धान्त जिंकायचा नाही, ही आपल्याकडच्या वादपरंपरेची जुनी अट आहे. ती पाळून आधी समोरच्याची बाजू पूर्ण ताकदीने मांडतो.

आधी तर्काचे नियम. नियम पुष्कळ आहेत, आज तीन पुरेत. पहिला अव्याघाताचा: एकच विधान एकाच अर्थाने खरे आणि खोटे दोन्ही असू शकत नाही. दुसरा मध्यम-परिहाराचा: विधान तरी खरे असते किंवा त्याचा निषेध तरी. परस्परविरुद्ध दोन पक्षांमध्ये तिसऱ्याला जागा नाही, हे हजारएक वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त बजावून ठेवले आहे. म्हणजे हा नियम अॅरिस्टॉटलच्या घरचा आणि आपल्याकडे उसना आलेला, असे काही नाही. तिसरा नियम वितरणाचा. एखाद्या शेतकऱ्याकडे विहीर आहे, आणि त्याच्या शेतात ऊस आहे किंवा नाही. मग एकतर त्याच्याकडे विहीर आणि ऊस दोन्ही आहेत, किंवा विहीर आहे आणि ऊस नाही. 'आणि'ला 'किंवा'च्या दोन्ही बाजूंवर वाटून देणे, एवढाच हा नियम. इतका साधा, की आपण तो वापरतो हे आपल्या लक्षातही येत नाही. क्वांटमचा घाव नेमका या तिसऱ्या नियमावर पडतो असे म्हणतात.

आता प्रयोगाकडे येऊ. 1922 साली जर्मनीत फ्रँकफर्टला ऑटो स्टर्न आणि वाल्टर गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत एका विशिष्ट चुंबकातून सोडला. अणू हे छोटे लोहचुंबक आहेत असे धरले तर ते वाटेल तशा दिशांना तोंड करून असणार, आणि पलीकडच्या काचेवर त्यांचा एक पसरट पट्टा उमटणार. प्रत्यक्षात झोत दोन भागांत फुटला. मधले काही नाही. चुंबक उभा ठेवला तर उत्तर 'वर' किंवा 'खाली' येते. आडवा ठेवला तर 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे'. या गुणधर्माला आपण आज स्पिन म्हणतो.

पुढची गंमत बघा. आडव्या चुंबकातून 'उजवीकडे' गेलेले अणू वेगळे काढा आणि त्यांना पुन्हा आडवाच प्रश्न विचारा. शंभरातले शंभर 'उजवीकडे' म्हणतात. उत्तर पक्के आहे. आता त्यांना उभा प्रश्न विचारा: निम्मे वर, निम्मे खाली. त्यांतले 'वर'वाले घ्या आणि पुन्हा आडवा प्रश्न विचारा. मघाचे पक्के 'उजवीकडे' पुसले गेलेले असते; निम्मे डावीकडे जातात. एका प्रश्नाचे उत्तर पक्के झाले की दुसऱ्याचे सुटते. ज्याला लोक 'क्वांटम संगणकातला क्यूबिट शून्यही असतो आणि एकही असतो' म्हणतात, ती अवस्था हीच. उभ्या प्रश्नाला ती ठरलेले उत्तर देत नाही, पण आडव्या प्रश्नाला मात्र शंभर टक्के ठाम उत्तर देते. 'वर आहे आणि वर नाही' असा व्याघात तिच्यात कुठेच नाही. दोन्हींहून निराळी अशी ती स्वतंत्र अवस्था आहे. श्रोडिंगरने 1935 साली मांजराचे उदाहरण दिले तेही 'मांजर दोन्ही आहे' हे पटवण्यासाठी दिलेले नव्हते. सूत्र मांजरापर्यंत ताणले की ते किती विचित्र दिसते, हे त्याला दाखवायचे होते.

1936 साली गॅरेट बर्कहॉफ आणि जॉन फॉन नॉयमन यांनी क्वांटम यामिकीच्या तर्कशास्त्रावर एक निबंध लिहिला. फॉन नॉयमन म्हणजे क्वांटम सिद्धान्ताला गणिताची पक्की चौकट देणारा माणूस. त्यांचा युक्तिवाद आपल्या अणूंवर बसवून सांगतो. हे विधान घ्या: 'अणू उजवीकडचा आहे, आणि तो वरचा किंवा खालचा आहे.' क्वांटमच्या गणितात 'वरचा किंवा खालचा' हे प्रत्येक अणूबाबत खरे धरले जाते, कारण उभा प्रश्न विचारला की या दोनांपैकी एक उत्तर येतेच. म्हणजे संपूर्ण विधान खरे. आता वितरण करा: 'उजवीकडचा आणि वरचा, किंवा उजवीकडचा आणि खालचा.' पण उजवीकडचा आणि त्याच वेळी वरचा अशी अवस्था क्वांटमच्या गणितात अस्तित्वातच नाही. उजवीकडचा आणि खालचा, हीही नाही. दोन्ही पर्याय खोटे, म्हणून 'किंवा'ने जोडलेले विधान खोटे. सुरुवात खऱ्यापासून झाली आणि वितरणाच्या एका पायरीने आपण खोट्यावर येऊन पोचलो. म्हणून क्वांटमच्या जगात वितरणाचा नियम चालत नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा. या क्वांटम तर्कशास्त्रातही अव्याघाताचा नियम शाबूत आहे आणि मध्यम-परिहाराचाही. व्हिडिओतले 'असतो आणि नसतो' हे सर्वांत बंडखोर क्वांटम तर्कशास्त्रालाही मान्य नाही. बंड फक्त वितरणाविरुद्ध आहे.

पुढे 1944 मध्ये हान्स रायशेनबाख यांनी 'खरे', 'खोटे' आणि 'अनिश्चित' अशा तीन मूल्यांचे तर्कशास्त्र सुचवले. 1951 मध्ये विलर्ड क्वाइन यांनी म्हटले की अनुभवापुढे कोणतेच विधान कायमचे सुरक्षित नसते, तर्काचे नियमसुद्धा. आणि 1968 मध्ये हिलरी पटनम यांनी सर्वांत धारदार बाजू मांडली. त्यांचा दाखला भूमितीचा होता. दोन हजार वर्षे आपण युक्लिडची भूमिती ही विचाराचीच सक्ती समजत होतो. आइनस्टाइनच्या व्यापक सापेक्षतेने दाखवले की अवकाश वक्र असू शकते, आणि युक्लिड सोडावा लागला. मग तर्कशास्त्राचे तरी वेगळे काय? वितरण सोडा, म्हणजे क्वांटमची कोडी सुटतील. इलेक्ट्रॉनला स्थानही राहील, वेगही राहील, प्रत्येक गुणधर्माचे मूल्य आधीपासून ठरलेले राहील. जग जसे आहे तसे आहे, आपण फक्त चुकीचा तर्क लावत होतो.

पूर्वपक्ष इथे पूर्ण झाला. मला तो पुष्कळ काळ खरोखर भक्कम वाटत आला आहे, आणि भूमितीचा दाखला तर फार मोहक आहे. आता उत्तरपक्ष.

यासाठी मघाचाच विहिरीचा दाखला पुढे नेतो. समजा तालुक्यातल्या शेतकऱ्यांची मोजणी चालली आहे आणि तीन प्रश्न आहेत: विहीर आहे का, ऊस आहे का, म्हैस आहे का. मी एक विधान करतो: 'विहीर आहे पण म्हैस नाही' अशा शेतकऱ्यांची संख्या ही 'विहीर आहे पण ऊस नाही' आणि 'ऊस आहे पण म्हैस नाही' या दोन संख्यांच्या बेरजेपेक्षा कधीच जास्त भरणार नाही. तालुका कोणताही घ्या. कारण? विहीर असलेला पण म्हैस नसलेला कोणताही शेतकरी उभा करा. त्याच्याकडे ऊस आहे किंवा नाही. नसेल तर तो पहिल्या गटात मोजला गेला. असेल तर दुसऱ्या गटात. सुटला कुणीच नाही. सिद्धता संपली. तिच्यात मध्यम-परिहार आहे आणि वितरण आहे, बाकी काही नाही.

1964 साली जॉन बेल या बेलफास्टमध्ये जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने अशाच धाटणीची असमानता कणांच्या जोड्यांसाठी मांडली. प्रकाशकणांच्या, म्हणजे फोटॉनच्या, अशा जोड्या तयार करता येतात की दोघांना एकच प्रश्न विचारला तर दोघांचे उत्तर नेहमी सारखे येते, मग ते एकमेकांपासून कितीही दूर असोत. प्रश्न म्हणजे काय, तर एका विशिष्ट कोनात ठेवलेल्या पोलरायझरमधून फोटॉन पार जातो का. तीन कोन घेऊ: 0 अंश, 30 अंश, 60 अंश. हे आपले विहीर, ऊस आणि म्हैस. एका फोटॉनला एका वेळी एकच प्रश्न विचारता येतो, पण जोडी असल्यामुळे डाव्याला एक आणि उजव्याला दुसरा असे दोन प्रश्न विचारून दोन उत्तरे मिळवता येतात.

क्वांटमचा नियम सांगतो, पहिल्या पोलरायझरमधून निम्मे फोटॉन पार जातात. आणि जे जातात, त्यांच्या जोडीदारांपैकी किती अडतात हे दोन कोनांतल्या फरकाच्या साइनच्या वर्गावर ठरते. दहावीच्या मुलांनो, हे कोष्टक तुम्हाला पाठ आहे. साइन 30 म्हणजे एक द्वितीयांश, त्याचा वर्ग एक चतुर्थांश. साइन 60 म्हणजे तीनच्या वर्गमुळाचा निम्मा भाग, त्याचा वर्ग तीन चतुर्थांश. प्रत्येक मोजणीसाठी हजार जोड्या घ्या. '0 ला पार, 30 ला नाही': पाचशेचा चौथा हिस्सा, 125. '30 ला पार, 60 ला नाही': पुन्हा 125. '0 ला पार, 60 ला नाही': पाचशेचे तीन चतुर्थांश, 375. आपली असमानता सांगते की 375 हा आकडा 125 अधिक 125, म्हणजे 250 पेक्षा जास्त असू शकत नाही. क्वांटम सांगते की तो आहे.

आणि निसर्ग क्वांटमच्या बाजूने बोलला. 1972 मध्ये जॉन क्लाउझर आणि स्टुअर्ट फ्रीडमन यांनी, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसजवळ ऑर्सेला अॅलँ आस्पे यांनी, आणि 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टसह इतर प्रयोगशाळांनी आधीच्या प्रयोगांतल्या पळवाटा बुजवून हे तपासले. प्रत्यक्ष प्रयोगात असमानता जरा वेगळ्या रूपात वापरतात, पण गाभा हाच. आस्पे, क्लाउझर आणि अँटोन त्सायलिंगर यांना यासाठी 2022 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग चूक कुठे झाली? सिद्धतेतल्या प्रत्येक विधानापुढे कारण लिहून पाहा. गृहीत एक: प्रत्येक फोटॉन तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधीपासून तयार ठेवून निघतो, जसा शेतकरी विहीर, ऊस आणि म्हैस घेऊन असतो, आपण विचारा अगर विचारू नका. गृहीत दोन: डावीकडे काय विचारले त्याचा उजवीकडच्या उत्तरावर तत्काळ परिणाम होत नाही. गृहीत तीन: कोणता प्रश्न विचारायचा ही निवड फोटॉनच्या घडणीशी आधीच जोडलेली नाही. आणि मग तर्काचे नियम. निष्कर्ष खोटा ठरला, म्हणून यातले काहीतरी सोडावे लागणार. पटनम म्हणतील, वितरण सोडा, बाकी सगळे ठेवा.

पण वितरण सोडून पहिले गृहीत ठेवता येते का, ते पाहू. पटनम यांच्या मार्गाने गेलो तर आपल्याला असे म्हणावे लागते: '0 ला पार जाणारा आणि 60 ला न जाणारा हा फोटॉन 30 ला पार जाणारा आहे किंवा नाही, हे खरे, पण तो 30 ला पार जाणारा आहे हे खरे नाही, आणि तो 30 ला पार न जाणारा आहे हेही खरे नाही.' ठीक आहे, असा 'किंवा' गणितात सुसंगतपणे मांडता येतो. बर्कहॉफ आणि फॉन नॉयमन यांनी तो मांडलाच आहे. मात्र ज्या फोटॉनबाबत दोन्ही पर्यायांपैकी एकही खरा नाही, त्याने त्या प्रश्नाचे उत्तर आधीपासून तयार ठेवले होते, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? तयार उत्तर म्हणजे दोनांपैकी एक खरे असणे, दुसरे काय? म्हणजे पटनम यांनी सोडले ते पहिले गृहीतच. नाव मात्र तर्काचे पुढे केले. मायकेल डमेट यांनी 1976 मध्ये याच दिशेने उत्तर दिले: जग आपल्या जाणण्यावर अवलंबून नसते असे मानणाऱ्याला वितरण नाकारता येत नाही, कारण 'किंवा' खरे करणारी वस्तुस्थिती त्याच्या मते दोनांपैकी एका बाजूला असलीच पाहिजे. पुढे पटनम यांनी स्वतःच ही भूमिका सोडून दिली.

दुसरे उत्तर भूमितीच्या दाखल्याला. युक्लिडची भूमिती मोडीत निघाली ती निरीक्षणाने: सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश किती वाकतो हे 1919 च्या खग्रास ग्रहणात मोजले गेले. पण 'मोजलेला कोन न्यूटनच्या अंदाजाशी जुळत नाही, म्हणून न्यूटनचा अंदाज खोटा' हे वाक्य कोणत्या नियमावर उभे आहे? दोन भूमितींमधला निवाडा करायला तर्क हा समाईक पंच होता. दोन तर्कशास्त्रांमध्ये निवाडा करायचा तर पंच कोण? बर्कहॉफ आणि फॉन नॉयमन यांचा निबंध उघडा, त्यातली प्रत्येक सिद्धता अभिजात, म्हणजे आपल्या नेहमीच्याच, तर्काने लिहिलेली आहे. आस्पेच्या प्रयोगात यंत्राने नोंदवलेली 'पार गेला' आणि 'नाही गेला' ही यादी अभिजात तर्काने मोजली जाते. 125 आणि 125 ची बेरीज 250 हीसुद्धा त्याच तर्काने. बेलचा युक्तिवाद म्हणजे 'गृहीत असेल तर निष्कर्ष, निष्कर्ष नाही, म्हणून गृहीत नाही' हा सरळ साचा आहे. क्वांटमचे आश्चर्य आपल्याला कळले ते या साच्यामुळे. तर्क टाकून दिला, तर 375 आणि 250 मध्ये विचित्र काय आहे हेही सांगता येणार नाही.

मग सोडायचे काय? इथे भौतिकशास्त्रज्ञांची घरे वेगळी होतात. नील्स बोर यांच्या वाटेने जाणारे म्हणतात, प्रश्न विचारण्याआधी उत्तर नसते. मांडणीसकट विचारलेल्या प्रश्नालाच उत्तर असते. डेव्हिड बोम यांनी 1952 मध्ये उलट वाट धरली: कणाला प्रत्येक क्षणी स्थान असते, पण दूरच्या घटनांचा परिणाम मान्य करावा लागतो. ह्यू एव्हरेट यांनी 1957 मध्ये तिसरीच वाट काढली: दोन्ही उत्तरे प्रत्यक्षात येतात, पण जगाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर. या तिघांमध्ये आकाशपाताळाचे अंतर आहे. पण तिघांपैकी कोणालाही अव्याघात, मध्यम-परिहार किंवा वितरण सोडायची गरज पडलेली नाही.

आपल्या राज्यातही या प्रश्नावर नेटाने काम झाले आहे. मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंग यांनी 1990 च्या दशकात बोमच्या वाटेची एक त्रुटी हाताशी घेतली. बोमच्या चित्रात कणांची स्थाने क्वांटमच्या आकड्यांशी जुळतात, पण स्थानाला असा मान मिळतो तसा संवेगाला मिळत नाही. रॉय आणि सिंग यांनी दोघांना सारखा न्याय देणारी मांडणी केली, आणि मग विचारले, ही यादी किती लांबवता येईल? एकाच वेळी किती राशींची तयार उत्तरे बाळगता येतील? 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात जास्तीत जास्त वास्तववादी अशा क्वांटम यामिकीचा शोध आहे. ही यादी मर्यादेपलीकडे नेता येत नाही, हे त्यांच्या कामातून पुढे आले. मला हे उदाहरण महत्त्वाचे वाटते ते यासाठी, की तर्क न सोडता, प्रत्येक पायरीला कारण लिहीत गेल्यावर त्यांच्या हाती नेमकी मर्यादा लागली. 'तिथे तर्क चालत नाही' म्हणून आधीच थांबणाऱ्याच्या हाती ती लागली नसती.

आता मला ठाऊक आहे की श्रोत्यांपैकी काहींच्या मनात एक वेगळा प्रश्न घोळतो आहे. आपल्याकडे तर 'आहे', 'नाही' याच्या पलीकडचे तर्कशास्त्र होतेच की! जैनांचा स्याद्वाद. वेरूळला 30 ते 34 क्रमांकाची जैन लेणी पाहिलेल्या आपल्या भागातल्या माणसाला ही परंपरा परकी नाही. आणि ही तुलना केवळ भाविकांनी केलेली नाही. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी 1954 मध्ये संख्याशास्त्राच्या पायांविषयी लिहिताना स्याद्वादाचा आधार घेतला. जे. बी. एस. हाल्डेन 1957 मध्ये भारतात आले, त्याच वर्षी त्यांनी स्याद्वादावर निबंध लिहिला आणि इंद्रियांना जेमतेम जाणवणाऱ्या संवेदनांचा दाखला दिला. शिक्षक मंडळींना 1964 ते 66 च्या शिक्षण आयोगामुळे ठाऊक असलेले डॉ. दौलतसिंह कोठारी हे मुळात भौतिकशास्त्रज्ञ. बोर यांचे पूरकतेचे तत्त्व आणि स्याद्वाद यांची सांगड घालणारे लेखन त्यांनी केले. आणि अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात, जे प्रताप शेठजींनी 1916 मध्ये उभे केले, 1930 च्या दशकात काही काळ संचालक होते ते कृष्णचंद्र भट्टाचार्य. स्याद्वादाच्या मुळाशी असलेल्या अनेकान्तावरचा त्यांचा 1925 चा निबंध आजही अभ्यासकांना चुकवता येत नाही.

मग स्याद्वादाने अव्याघात सोडला होता का? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हाच आरोप केला आहे: परस्परविरुद्ध धर्म एका वस्तूत एकदम कसे राहतील? जैन तार्किकांचे उत्तर त्यांच्या मांडणीतच आहे. घट स्वतःच्या द्रव्याच्या, क्षेत्राच्या, काळाच्या आणि भावाच्या अपेक्षेने आहे. परक्या द्रव्य-क्षेत्र-काल-भावाच्या अपेक्षेने नाही. अपेक्षा बदलली, म्हणून व्याघात उरला नाही. 'एकाच अर्थाने' ही अव्याघाताची अट ते मोडत नाहीत. उलट प्रत्येक विधानाला ती अट उघड लिहायला लावतात. स्याद्वादातला तिसरा भंग, म्हणजे विधानाचा प्रकार, 'आहे आणि नाही' हा क्रमाने सांगायचा असतो. दोन्ही अपेक्षांनी एकदम सांगायला गेलात तर ते सांगता येत नाही, तो चौथा भंग, अवक्तव्य. उजवीकडच्या अणूला उभ्या आणि आडव्या प्रश्नांची एकदम उत्तरे मागितली तर मिळत नाहीत, याच्याशी हे जवळचे आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. कोठारींना इथे काहीतरी खरे दिसले होते.

पण साम्य कुठे संपते हेही सांगायला हवे. स्याद्वाद आपल्याला कोणत्या प्रश्नाला कोणती अपेक्षा जोडायची ते शिकवतो. 125 की 375 हे तो सांगत नाही, आणि तसे सांगण्याचा त्याचा दावाही नव्हता. हेच आपल्या मराठी ग्रंथांनाही लागू आहे. शेजारी अंबाजोगाईला मुकुंदराजांची परंपरा आहे. ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त अज्ञानाचेही खंडन केले आणि ज्ञानाचेही. तिथे बोलणे ब्रह्माविषयी आहे आणि त्याची कसोटी वेगळी आहे. त्या ग्रंथांच्या तोंडी इलेक्ट्रॉन घातला तर इलेक्ट्रॉन कळत नाही आणि ग्रंथांचाही मान राहत नाही. मागे वळून साम्य दाखवणे सोपे असते. पुढचा आकडा आधी सांगणे कठीण असते, आणि भौतिकी त्या कठीण कामावर उभी आहे.

आता बाजाराकडे एकदा वळतो, कारण विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग होईल. आधी क्वांटमचे खरे काम कसे चालते ते बघा. केंद्र सरकारने 19 एप्रिल 2023 रोजी 6003.65 कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. त्यातले सूक्ष्म संवेदन आणि मापन यांचे केंद्र मुंबईला आयआयटीत आहे. पुण्याच्या आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानावर काम चालते. तुमच्यापैकी काही जण तिथे पोचतील. तिथे पोलरायझर कोणत्या कोनात ठेवला, किती जोड्या मोजल्या, चुकीची शक्यता किती, या प्रत्येकाचे कारण लिहावे लागते. 'क्वांटममध्ये काहीही होऊ शकते' असे तिथे कोणी म्हणत नाही. उलट क्वांटममध्ये बहुतेक गोष्टी होऊच शकत नाहीत, आणि ज्या होतात त्या किती वेळा होतात हे आकड्यात सांगता येते. म्हणून क्वांटमच्या नावाने कोणी काही विकायला आला तर त्याला दोन प्रश्न विचारा: तुझे म्हणणे कोणत्या मोजणीने खोटे ठरेल? आणि ती मोजणी कोणी केली? त्याने 'हे तर्काच्या पलीकडचे आहे' असे म्हटले, तर त्याच्याकडे उत्तर नाही असे समजा.

शेवटी निष्कर्ष. क्वांटम भौतिकीने आपल्याकडून काहीतरी मोठे काढून घेतले आहे यात शंका नाही. विचारण्याआधीच प्रत्येक प्रश्नाचे उत्तर जगात तयार असते, आणि इथले विचारणे तिथल्या उत्तराला शिवत नाही, या दोन्ही समजुती एकत्र ठेवता येत नाहीत. तिसरे गृहीत सोडून प्रयोगाची मांडणी आणि कणाची घडण आधीच जुळलेली असते असे मानणाऱ्यांची संख्या फार थोडी आहे. पहिली समजूत सोडायची की दुसरी, की एव्हरेटसारखे उत्तर एकच येते हे मानणेच सोडायचे, हा वाद आजही चालू आहे. या वाटांमध्ये निवाडा करणारा सर्वमान्य प्रयोग अजून झालेला नाही. तो वाद तर्काच्या नियमांनीच चालला आहे. त्यात भाग घ्यायला काय लागते याचा नमुना तुम्ही आज पाहिलात: तीन प्रश्न, दोन साइनची मूल्ये, एक बेरीज, आणि आपण कोणते गृहीत कुठे धरले हे प्रत्येक पायरीला तपासायची तयारी.

आता प्रश्न विचारा.